डॅलसचा हिवाळा: नक्की किती गरम कपडे आणू?

मीठभाकर
नमस्कार मंडळी. नवऱ्याची बदली डॅलसला झालीये, म्हणजे ऑफिस प्लेनोत आहे आणि घर बहुतेक फ्रिस्कोकडे भाड्याने घेऊ. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिघं (मी, नवरा, साडेचार वर्षांची लेक) पुण्याहून निघतोय, जानेवारीत सासूसासरे पण यायचं म्हणतायत. गोंधळ असा आहे की जो तो वेगळंच सांगतो. नवऱ्याचा तिथला मित्र म्हणतो अरे टेक्सास आहे ते, मी डिसेंबरात हाफ चड्डीत फिरतो. माझी मावसबहीण न्यू जर्सीत असते ती म्हणते जाड जॅकेट, स्नो बूट सगळं घेऊन ये, नंतर रडू नकोस. बॅगांचं वजन मोजून आहे आणि त्यात दोन कुकर बसवायचेत. बर्फ पडतो का तिथे? लेकीने स्नोमॅनच्या नाकासाठी गाजर घ्यायचं हे आत्तापासून ठरवून ठेवलंय. जुना कुठला धागा असेल तर लिंक द्या, मला शोधून सापडला नाही.

आळशी_मांजर
कुकर आणा. जॅकेट इथे घ्या. पुढचा प्रश्न?

नागपुरी_संत्रं
मित्र पण खरं बोलतोय आणि मावसबहीण पण. फक्त दोघांचं एकाच आठवड्यात खरं ठरू शकतं ही डॅलसची गंमत. मी सात वर्षं झाली इथे. जानेवारीत दिवसाचं सरासरी कमाल तापमान ५७ फॅरनहाइटच्या आसपास म्हणजे साधारण १४ सेल्सियस आणि रात्रीचं ३७ च्या आसपास म्हणजे ३. हे वाचून वाटतं की अरेच्चा हे तर आमच्या नागपूरच्या थंडीच्या लाटेसारखंच आहे (२०१८ च्या डिसेंबरात नागपूरला साडेतीन सेल्सियसपर्यंत उतरला होता पारा, आई स्वयंपाकघरात हातमोजे घालून पोळ्या लाटत होती). पण सरासरी हा शब्दच इथे फसवा आहे. सोमवारी ७५, बुधवारी २५, शनिवारी परत ६८ असा हिवाळा असतो. १४ सेल्सियस असं प्रत्यक्षात कधी नसतंच जवळपास, एकतर पंखा लावावासा वाटतो नाहीतर गोधडीतून बाहेर यावंसं वाटत नाही.

बर्फाचं म्हणाल तर वर्षाला सरासरी दीडेक इंच, काही वर्षी अजिबात नाही. गाजराची कोशिंबीर करायची तयारी ठेवा.

मीठभाकर
@आळशी_मांजर 😀 पुढचा प्रश्न नाहीये.
@नागपुरी_संत्रं म्हणजे एका आठवड्यात दोन्ही कपडे लागणार? लेकीच्या शाळेत काय घालून पाठवतात मग?

नागपुरी_संत्रं
सकाळी जॅकेट घालून जाते, दुपारी हातात घेऊन येते आणि शुक्रवारी शाळेच्या लॉस्ट अँड फाउंडमध्ये सापडतं. नाव लिहा कॉलरवर.

जुना_भिडू
अठरा वर्षं झाली या गावात, त्यामुळे थोडं विस्ताराने लिहितो, चहा घेऊन बसा.

इथल्या थंडीला एक स्वतंत्र शब्द आहे, ब्लू नॉर्दर. उत्तरेकडून कॅनडाची थंड हवा सरळ खाली घसरत येते, आणि मध्ये अडवायला काही नाही, रॉकी पर्वत पश्चिमेला राहिले, बाकी सगळी सपाट गवताळ जमीन. इथले जुने लोक म्हणतात की टेक्सास आणि उत्तर ध्रुव यांच्यामध्ये फक्त एक काटेरी तारेचं कुंपण आहे, आणि ते पण पडलेलं. ही हवा येताना चक्क दिसते. दुपारी तुम्ही टीशर्टवर बॅकयार्डात उभे असता, दक्षिणेकडून दमट उबदार वारा येत असतो, आणि उत्तरेला क्षितिजावर निळसर काळी पट्टी उगवते. मग वारा एकदम पडतो. पाच-दहा मिनिटं पानही हलत नाही, आणि मग जो उलट्या दिशेने झपाटा येतो ना, कचऱ्याचे रिकामे डबे गल्लीभर पळायला लागतात. तासाभरात २० डिग्री सहज उतरते. २०२२ चा डिसेंबर आठवा, ख्रिसमसच्या दोन-तीन दिवस आधी, सकाळी मी स्वेटरवर ऑफिसला गेलो आणि संध्याकाळी पार्किंगमध्ये गाडीचं दार उघडताना बोटं चिकटताहेत असं वाटलं.

त्यामुळे इथे हवामान नुसतं सकाळी नाही, रात्री झोपताना पण बघायचं, आणि नुसतं तापमान नाही तर फ्रंट, म्हणजे त्या थंड हवेची आघाडी, किती वाजता येतोय ते बघायचं. दिवसाचं कमाल ६५ लिहिलेलं असतं आणि ते पहाटे दोनला होऊन गेलेलं असतं! नव्या माणसाची पहिली फजिती हमखास यात होते.

कपडे: एक मध्यम जॅकेट ज्याला वाऱ्याला अडवणारा बाहेरचा थर आहे, खाली स्वेटर किंवा फ्लीस, कानटोपी, हातमोजे. बस. स्नो बूट अजिबात नको.

शिकागोहून_परत
हलके घ्या पण मला डॅलसकरांची गंमत वाटते. मी बारा वर्षं शिकागोत काढून इकडे आलो. तिकडे फूटभर बर्फात आम्ही पोराला स्कूल बसपर्यंत सोडून स्वतः ट्रेनने ऑफिसला जायचो. इथे टीव्हीवर नुसतं विंट्री मिक्स (पाऊस आणि बर्फ मिसळून पडणार) म्हटलं की दुकानातला ब्रेड, दूध, अंडी गायब, शाळा बंद, ऑफिस घरून. गेल्या वेळी अर्धा इंच बर्फ पडला तर शेजाऱ्याने फेसबुक लाइव्ह केलं. मीठभाकर, तुम्ही काही टेन्शन घेऊ नका, ही थंडी नाहीच आहे.

जुना_भिडू
@शिकागोहून_परत दर वर्षी एक तरी शिकागोवाला हे लिहितो आणि दर वर्षी त्यातला एक तरी गाडी दुभाजकावर चढवतो. हलके घ्या 😀

मुद्दा बर्फाचा नाहीच आहे हो. मराठीत बोलताना आपण सगळ्याला बर्फच म्हणतो म्हणून ही गफलत होते. भुरभुरणारा हिम वेगळा आणि काचेसारखा थर वेगळा. डॅलसला भीती त्या काचेची. होतं काय, ती उत्तरेची थंड हवा जड असते म्हणून जमिनीलगत पातळ थर करून बसते, आणि तिच्या वरून मेक्सिकोच्या आखाताकडची उबदार दमट हवा चढते. वरून पडतो तो पाऊसच. खालच्या थंड थरातून येताना तो गोठण्याच्या खाली जातो पण थेंबच राहतो, आणि रस्त्याला, झाडाला, विजेच्या तारेला टेकला की तिथल्या तिथे काच. यावर टायर कुठलेही लावा, फोर व्हील ड्राइव्ह असो की काही असो, गाडी जाते तिकडे तुम्ही जायचं. शिकागोत नांगर लावलेले ट्रक आणि मीठ हिवाळाभर तयार असतं, इथे वर्षातून दोन दिवसांसाठी तेवढा ताफा कोण पोसणार. आधी रस्त्यावर खारं पाणी मारून ठेवतात, त्याच्या पांढऱ्या रेघा दिसल्या की समजायचं येतंय काहीतरी.

त्यात आपलं गाव फ्लायओव्हरचं. ७५ आणि ६३५ हे हायवे जिथे भेटतात तो हाय फाइव्ह बघाल तुम्ही आल्यावर, पाच मजली चौक, बारा मजली इमारतीएवढा उंच. पुलाला खालून पण थंड हवा लागते, त्यामुळे खालचा रस्ता नुसता ओला असतो तेव्हा पूल गोठलेला असतो. दिसत काहीच नाही, ओला डांबरी रस्ता दिसतो. ११ फेब्रुवारी २०२१ ला पहाटे फोर्ट वर्थला आय-३५ वेस्टवर असंच झालं, १३३ गाड्या एकमेकांवर, सहा माणसं गेली. बरेच जण हॉस्पिटलच्या ड्यूटीवर निघालेले होते. तेव्हापासून मी तरी यावर विनोद करत नाही.

शिकागोहून_परत
पॉइंट घेतला. दुभाजकावर चढलेलो नाही, पण ड्राइव्हवेवरून गाडी आपोआप रस्त्यापर्यंत उतरलेली पाहिली आहे, पार्किंग ब्रेक लावलेला असताना. माझीच होती.

आळशी_मांजर
😂😂 हा प्रतिसाद चौकटीत लावायला हवा

पीचट्री_पाटील
अटलांटातून. आमच्याकडचं २०१४ सांगितल्याशिवाय हा धागा पूर्ण होणार नाही. २८ जानेवारी २०१४, मंगळवार. पडला किती, तर २.६ इंच. पण दुपारी बारा-एकला सुरू झाल्यावर सगळ्या ऑफिसेसनी, शाळांनी, सरकारने एकाच वेळी सोडलं आणि अख्खं शहर एकाच तासात रस्त्यावर. मिठाचे ट्रक त्याच गर्दीत अडकले. मला १४ मैल जायला सतरा तास लागले. रात्री दोनला गाडी कडेला लावून एका औषधाच्या दुकानात जमिनीवर झोपलो, दुकानवाल्यांनी दार उघडं ठेवलं होतं, बरोबर आणखी वीस-पंचवीस जण. हजारो पोरं त्या रात्री शाळेतच झोपली. आय-२८५ वर गाडीतच एका बाईची डिलिव्हरी झाली, पोलिसाने मदत केली, बातमी सगळीकडे होती.

तेव्हापासून गाडीत चादर, पाण्याच्या बाटल्या, फोनचा चार्जर आणि चिक्की. चिक्की कडाक्याच्या थंडीत दात पाडते पण खराब होत नाही.

आणि हो, त्यानंतर आमच्याकडे पण लोक नुसत्या अंदाजावर शाळा बंद करतात आणि उत्तरेकडचे हसतात. हसू देत.

मीठभाकर
बापरे. मी स्वेटरचं विचारायला आले होते.

प्लेनोची_काकू
घाबरू नकोस गं. पण एक गोष्ट नीट ऐक कारण हे कोणी सांगत नाही. इथे थंडी माणसाला वाजत नाही, घराला वाजते. माणसाला स्वेटर घालता येतो.

२०२१ चं सांगते. रविवारी, १४ फेब्रुवारीला, छान भुरभुर बर्फ पडला, मुलांनी कपड्यांच्या बास्केटमध्ये बसून घसरगुंडी केली, फोटो काढले, मी गाजर हलवा केला. रात्री दीडच्या सुमाराला वीज गेली. आपण महाराष्ट्रातली माणसं, लोडशेडिंग काय नवं आहे, मी कूस बदलून झोपले. पण आपल्याकडे निदान वेळापत्रक असायचं ना, गुरुवारी सकाळी ६ ते ११. इथे सांगितलं होतं की आळीपाळीने थोडा थोडा वेळ जाईल, आणि आमची गेली ती गेलीच. मंगळवारी पहाटे बाहेर उणे २ फॅरनहाइट म्हणजे उणे १९ सेल्सियस, आणि घरात थर्मोस्टॅटवर ४१. फ्रिजमध्ये काही ठेवायची गरजच नव्हती, ओट्यावरच राहत होतं सगळं. आणि लोकांना वाटतं गॅसची भट्टी असेल तर वीज नसली तरी चालेल, तर नाही, तिचा पंखा विजेवरच चालतो. गॅसची शेगडी मात्र काडी लावून पेटते, त्यावर आम्ही तगलो. आमच्या गल्लीत आमच्याकडेच गॅसची शेगडी, बाकी सगळ्यांचं इलेक्ट्रिक. मग काय, मोठ्या पातेल्यात मुगाची खिचडी, चहा, समोरचे आजोबा-आजी (अमेरिकन, ऐंशीच्या पुढचे) दोन दिवस आमच्या हॉलमध्ये झोपले. आजोबांना लोणचं फार आवडलं, अजून मागतात.

पण खरा दणका वीज आल्यावर. गुरुवारी वीज आली, सगळे टाळ्या वाजवतायत, हीटर सुरू झाला, घर गरम व्हायला लागलं आणि दुपारी जेवायच्या खोलीत मला टप टप ऐकू आलं. वर बघते तर छताचं शीटरॉक (जिप्समचा पातळ पत्रा असतो इथे छताला) पुरीसारखं फुगलेलं. इथे पाण्याचे पाइप बरेचदा पोटमाळ्यावरून जातात, घरं उन्हाळा डोक्यात ठेवून बांधलेली. थंडीत पाइपातलं पाणी गोठून पाइप फाटतो, पण गोठलेलं असेपर्यंत गळत नाही, वितळल्यावर कळतं. यांनी स्टूलवर चढून स्क्रूड्रायव्हरने त्या फुग्याला भोक पाडलं, खाली बादली धरली, बादली भरली, दुसरी भरली, आणि मग तेवढा सगळा भाग, गुलाबी इन्सुलेशनसकट, टेबलावर. माझ्या पितळी समईवर. आणि आम्हाला पाणी मुख्य ठिकाणी कुठून बंद करतात हेच माहीत नव्हतं! नऊ वर्षं त्या घरात राहून! शेजारचा मुलगा धावत आला, रस्त्याकडेच्या लॉनमधलं झाकण उघडून लांब पान्याने बंद केलं. छत दुरुस्त व्हायला जून उजाडला कारण प्लंबर आणि शीटरॉकवाले मिळतच नव्हते, अख्ख्या गावाचं तेच झालेलं.

तेव्हा घर ताब्यात घेताना किल्ली घ्यायच्या आधी विचार, पाण्याचा मेन कुठे आहे आणि त्याचा पाना कुठे आहे. स्वेटर नंतर.

नागपुरी_संत्रं
काकू _/\_ समईचं वाईट वाटलं.

प्लेनोची_काकू
समई ठोकून सरळ केली. जरा तिरकी जळते.

आमरसपुरी
त्या आठवड्यात विजेचं नक्की काय झालं होतं हे कोणी सोप्या भाषेत सांगेल का? टेक्सासमध्ये एवढं तेल, एवढा गॅस, एवढ्या पवनचक्क्या आणि वीज नाही?

जुना_भिडू
टेक्सासच्या बहुतेक भागाची ग्रिड, म्हणजे वीज वाहून नेणारं जाळं, स्वतंत्र आहे, पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या ग्रिडला जोडलेली नाही (अगदी थोड्या जोडण्या सोडल्या तर). राज्याबाहेर वीज नेली नाही की केंद्राचे बरेचसे नियम लागू होत नाहीत, म्हणून जुन्या काळापासून तशी ठेवलीये. ती सांभाळणारी संस्था एरकॉट. २०२१ ला गॅसच्या विहिरी आणि पाइपलाइनी गोठल्या, गॅसवरचे प्रकल्प बंद पडले, पवनचक्क्या गोठल्या, कोळशावरचे काही पडले, अणुप्रकल्पाचं एक युनिट पण. सगळ्यात जास्त घट गॅसची होती, पण टीव्हीवर आठवडाभर नुसत्या पवनचक्क्याच दिसत होत्या. आणि मागणी उलट हिवाळ्यातली विक्रमी, कारण निम्म्याहून जास्त घरं विजेवर गरम होतात. १५ तारखेला पहाटे ग्रिडची फ्रिक्वेन्सी ६० हर्ट्झवरून इतकी घसरली की पूर्ण ग्रिड कोसळायला ४ मिनिटं ३७ सेकंद उरली होती. ती कोसळली असती तर आठवडेच्या आठवडे अंधार. म्हणून घाईघाईने भाग तोडले आणि ४५ लाखांवर घरं-दुकानं अंधारात गेली. राज्याच्या आरोग्य खात्याने २४६ मृत्यू मोजले, बरेचसे थंडीने, घरातल्या घरात.

त्यानंतर कायदा झाला, प्रकल्पांना थंडीची तयारी सक्तीची केली, आणि २०२२ चा डिसेंबर, २०२४ चा जानेवारी दोन्ही वेळा एरकॉटला वीज तोडावी लागली नाही. पण झाडाच्या फांद्या काचेच्या वजनाने तारांवर पडतात तो वेगळा विषय, २०२३ ला ऑस्टिनमध्ये त्यानेच लाखाहून जास्त घरं अंधारात होती.

आमरसपुरी
धन्यवाद. आणि ते हजारो डॉलरची बिलं आलेली ते काय प्रकरण?

जुना_भिडू
घाऊक भावाचे प्लॅन होते काहींचे, एरवी स्वस्त पडायचे. त्या चार दिवसांत घाऊक भाव कमाल मर्यादेला, युनिटला ९ डॉलर. एरवी घरगुती दर तेव्हा १०-१२ सेंट असायचा. आता घरगुती ग्राहकांना तसले प्लॅन विकायला बंदी आहे. मीठभाकर, तुम्ही सरळ फिक्स्ड रेट घ्या, इथे वीज कंपनी आपली आपण निवडायची असते, बहुतेक भागात.

कढीपत्ता_बचाव_समिती
ह्यूस्टनवरून. सगळे माणसांचं आणि पाइपांचं बोलतायत, कढीपत्त्याचं कोणी बोलत नाही म्हणून आयडी घेऊन आले.

इथे दक्षिणेत हिवाळा म्हणजे कुंड्या आत, कुंड्या बाहेर. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत. कढीपत्ता, तुळस, मोगरा, गवती चहा. गवती चहा वरून मेला तरी मुळातून येतो, तुळशीचं बी धरून ठेवा, मोगरा चिवट आहे, कढीपत्ता मात्र लहान बाळ आहे. ४० फॅरनहाइटच्या खाली जाणार म्हटलं की गॅरेजमध्ये. माझं २०२१ आधीचं झाड छतापर्यंत गेलेलं, जमिनीत लावलेलं, दहा वर्षांचं. चादरी गुंडाळल्या, खाली ख्रिसमसच्या जुन्या दिव्यांची माळ लावली (नवे एलईडी नको, गरम होत नाहीत), आणि वीज गेली. संपलं. आता कुंडीत, चाकांच्या स्टँडवर.

ह्यूस्टन डॅलसपेक्षा गरम, पण आम्हाला पण सोडत नाही. २१ जानेवारी २०२५ ला तर आखाताच्या किनाऱ्यानेच बर्फ पडत गेला, न्यू ऑर्लिन्सच्या विमानतळावर ८ इंच! तिथे लोक त्या जुन्या फ्रेंच गल्ल्यांमध्ये स्की घालून फिरत होते. आमच्या इथे दोन-चार इंच होता, मी आधी झाड आत घेतलं मग पोरांना बाहेर सोडलं.

आळशी_मांजर
प्राधान्यक्रम पटला.

मीठभाकर
कढीपत्त्याचं बी चालतं का बॅगेत?

कढीपत्ता_बचाव_समिती
अजिबात आणू नका, विमानतळावर अडवतात. इथे मंडळात विचारा, कोणीतरी रोप देतंच. तुम्ही हो म्हणायच्या आधी दोन देतील.

सर्दाळू
हिवाळ्यातला खरा शत्रू राहिलाच. सीडर फीव्हर. ताप नाही, ॲलर्जी आहे, पण नाव बरोबर ठेवलंय. डिसेंबर ते फेब्रुवारी ऑस्टिन-सॅन अँटोनियोकडच्या टेकड्यांवरचे जुनिपर परागकण सोडतात, ढगासारखे उडताना दिसतात, लोक आग लागली म्हणून फोन करतात. दक्षिणेचा वारा आला की डॅलसपर्यंत. पहिली दोन वर्षं काही होत नाही, तिसऱ्या वर्षी तुम्ही ऑफिसात बढाई मारता की मला काही होत नाही आणि त्याच आठवड्यात डोळे सुजतात. मला पाचव्या वर्षी धरलं. तेव्हा डॅलसच्या हिवाळ्यात छान ऊन, ७० डिग्री, निळं आकाश असताना एखादा माणूस खिडक्या घट्ट बंद करून आत बसला असेल तर तो मी.

मीठभाकर
मंडळी, सगळ्यांचे खूप आभार. शेवटचं एक, सासूसासऱ्यांचं. सासरे ७४, सासूबाई ६९, त्यांना संधिवात आहे. जानेवारीत बोलवू की पुढे ढकलू?

प्लेनोची_काकू
मार्चच्या शेवटी बोलाव बाई. ब्लूबॉनेट फुललेले असतात, रस्त्याकडेला निळे गालिचे, सासऱ्यांना फोटो काढायला आवडत असेल तर मजा. जानेवारीत म्हातारी माणसं घरात कोंडली जातात, थंडीपेक्षा कंटाळ्याने आजारी पडतात. गाडी चालवता येत नाही, साडेपाच-सहालाच सूर्य मावळतो, आजूबाजूला चिटपाखरू दिसत नाही.

नागपुरी_संत्रं
माझं मत वेगळं. माझे आईबाबा दोनदा हिवाळ्यातच आले आणि मजेत राहिले. दुपारी बारा ते चार ऊन मस्त असतं, बाबा कानटोपी घालून तळ्याभोवती तीन फेऱ्या मारायचे, तीन मित्र केले त्यांनी, त्यातले दोन तेलुगू. जुलैत आणून बघा, १०५ डिग्रीत दारापर्यंत जाणार नाहीत. संक्रांतीला हळदीकुंकवाची तर रांग असते, आईला एका शनिवारी चार घरी जायचं होतं. एकच करा, घरात हीटरने हवा फार कोरडी होते, ओठ फाटतात, नाकातून रक्त येतं, खोलीत एक ह्युमिडिफायर ठेवा. आणि दही ओव्हनमध्ये लावा, नुसता ओव्हनचा दिवा चालू ठेवून. सासूबाई खूश.

मीठभाकर
(धागा वर काढतेय) नमस्कार! आलो, स्थिरावलो, सासूसासरे पण आले, तिकिटं आधीच काढून ठेवली होती त्यांनी, विचारलं फक्त नावाला.

अपडेट: ख्रिसमसला ७८ होतं. लेक फ्रॉकवर खेळत होती. मित्राची हाफ चड्डी सिद्ध झाली. मी पुण्याला फोन करून सांगितलं की इथे काही थंडी नाही. चार दिवसांपूर्वी दुपारी काकूंच्या भाषेत घराला थंडी वाजली. तो वारा पडतो ना क्षणभर, @जुना_भिडू, तो मी पाहिला! अगदी तसाच. कचऱ्याचा डबा आमचा तीन घरं पुढे सापडला.

रात्री १७ फॅरनहाइटपर्यंत जाणार होतं म्हणून मालकाचा मेसेज आला, नळ बारीक सोडून ठेवा, सिंकखालची कपाटं उघडी ठेवा. आम्ही सगळे नळ पेन्सिलच्या शिशाएवढ्या धारेने सोडले आणि झोपलो. सासूबाई रात्री दोनला पाणी प्यायला उठल्या आणि घरातले सगळे नळ एकेक करून घट्ट बंद करून आल्या. आख्खं आयुष्य सोलापुरात काढलेलं, तीन-चार दिवसांनी पाणी यायचं, भरून ठेवायचं. वाहणारा नळ बघून त्यांना झोप कशी लागणार. सकाळी स्वयंपाकघरात गरम पाण्याचा नळ उघडला तर नुसता सुं आवाज. नशीब की फाटला नव्हता, कपाट उघडून तासभर हेअर ड्रायर मारला मग खळखळ करत आलं. मेन कुठे आहे ते पहिल्या दिवशीच बघून ठेवलं होतं, काकू, पाना सासऱ्यांच्या ताब्यात आहे, ते तो हातात घेऊनच बसले होते.

आता तोडगा असा निघालाय की प्रत्येक नळाखाली पातेलं, बादली, कळशी. सासूबाई दर दोन तासांनी उठून भरलेलं बदलतात. काल रात्री अकरा भांडी भरली. त्याच पाण्याने आज भांडी घासली, फरशी पुसली, आणि उरलेलं गॅरेजमधल्या कढीपत्त्याला. हो, मिळाली रोपं. दोन.

बर्फ पडला नाही, काच पडली. लेकीने गाजर ड्राइव्हवेवर उभं करून बघितलं, ते घसरत रस्त्यापर्यंत गेलं.

शिकागोहून_परत
पार्किंग ब्रेक लावलेला का?

प्लेनोची_काकू
सासूबाईंना माझा नमस्कार सांग. शनिवारी हळदीकुंकवाला घेऊन ये त्यांना, रस्ते सुटले असतील तोवर.

कढीपत्ता_बचाव_समिती
गॅरेजमध्ये जास्त पाणी घालू नका कढीपत्त्याला! हिवाळ्यात झोपलेला असतो, मुळं कुजतात. पंधरवड्यातून एकदा, पेलाभर.

मीठभाकर
अरे देवा. काल कळशीभर घातलंय. आणि तातडीचं, बॅकयार्डच्या नळाला लावायचं ते फोमचं झाकण चार दुकानांत संपलंय, उद्या रात्री परत २० आहे. काय करू?

जुना_भिडू
बागेचा पाइप आधी काढा नळापासून, तो लावलेला राहिला तर झाकण असून नसून सारखंच. मग जुना टॉवेल तीन-चार वेढे, वर प्लॅस्टिकची पिशवी, आणि डक्ट टेप. टॉवेल कोरडा हवा.